फुग्याचं पाणी

खोली बघायला गेले तेव्हा तिनं माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, सामान किती आहे तेही विचारलं नाही. ओट्यावर बसून ती सुपात तांदूळ पाखडत होती. वर न बघताच म्हणाली, "खोटं बोलता का जी?"

मी सांगलीकडची. लाखांदूरच्या शाळेत मराठी शिकवायची नेमणूक घेऊन आले होते. एसटीच्या धुरळ्यानं केस पांढरे झाले होते, पाय सुजले होते आणि विचार करून उत्तर देण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं.

"कधीकधी," मी म्हटलं.

"राहा मंग." तिनं सूप बाजूला ठेवलं. "'कधीच नाही' म्हणलं असतं तं खोली नसती देली. तुमच्याआधी एक कंपाउंडर होता. तो म्हणला होता, कधीच नाही. भल्ला लबाड निघाला."

अशी ती माझी घरमालकीण झाली. गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणू लागले. तिनं मला आधी 'मास्तरीणबाई' म्हटलं, मग नुसतं 'बाई', आणि पहिला पगार व्हायच्या आत 'तुमी'चं 'तू' होऊन गेलं. ती उंच होती, काटक होती, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला असायचा आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. शाळेत तपासणीला आलेले साहेब वर्गातून फिरतात तशी ती गावातून फिरायची. तपासण्यासारखं पुष्कळ असायचंही, कारण कुणी काही सांगितलं की तिचा एकच प्रश्न असे, "तू पाह्यलं का?"

पाहिलं असेल तर पुढे बोलायचं. नसेल तर, "मंग सांगू नोको."

एका पावसाळ्यात बातमी आली की चुलबंद नदीवरचा पूल वाहून गेला. दुकानं अर्धी बंद झाली, बायका पोरांना घरात ओढू लागल्या, कुणी कुणी नदीपलीकडे दिलेल्या लेकींच्या नावानं रडायलाही लागलं. मावशी छत्री घेऊन निघाली. भर पावसात पायी. संध्याकाळी चिंब होऊन परत आली ती घरी न येता थेट चौकात गेली आणि तिथल्या घोळक्याला म्हणाली, "पूल जागीच हाये. पाणी पुलाच्या खाली हाये. कोण बोंबललं होतं?" बोंबलणारा सापडेपर्यंत तिनं लुगडं बदललं नाही.

ग्रहणाच्या दिवशी गाव दारं लावून बसलं तर ही अंगणात घमेल्यात शेण कालवलेलं पाणी घेऊन त्यात सूर्य बघत बसली. रेडिओवर 'विदर्भात काही ठिकाणी पावसाची शक्यता' असं ऐकलं की उठून बाहेर जायची, तळहात आभाळाकडे करायची, आणि आत येऊन रेडिओला सांगायची, "नाही पडून राह्यला." रागानं नाही. चूक दुरुस्त करावी तशी.

तिची दुसरी तपासणी माझ्या चुलीवर चालायची. आमच्याकडे सांगलीला रोज भाकरी, इथं दोन्ही वेळा भात. पहिल्यांदा मला भाकरी थापताना पाहून तिनं काळजीनं विचारलं होतं, "काहून वं, आजारी हायेस का?" मग मीही भात करू लागले. ती न विचारता स्वयंपाकघरात यायची, झाकण काढायची, एक शीत उचलून अंगठा आणि बोटात चेपायची. शिताच्या पोटात कच्चा टणक ठिपका राहिला असेल तर तिच्या बोटांना तो लगेच लागायचा. "कणी हाये," ती म्हणायची आणि झाकण परत ठेवायची. तिचं एक वाक्य मी शाळेतही सांगत असे: "भातातली कणी अन् बोलण्यातलं 'बहुतेक', दोन्ही पोटात दुखतात."

अशा बाईजवळ माया कशी असेल, असं नव्या माणसाला वाटायचं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच थंडीत मला मोठा ताप आला. मावशी येऊन उंबऱ्यावर बसली. पाणी दिलं, कपाळावर घडी ठेवली, पेज करून चमच्यानं पाजली. पण "बरी होशील" एवढं मात्र तिच्या तोंडातून निघेना. तापात माणसाला तेवढंच ऐकायचं असतं. मी शेवटी रडून विचारलं, "मावशी, मी बरी होईन ना गं?"

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "म्या पाह्यलं नाही अजून." आणि माझे तळपाय चोळत राहिली.

ताप उतरला त्या सकाळी मी डोळे उघडले तर ती तिथंच, उंबऱ्याला टेकून. तिनं माझ्या मानेखाली हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "आता म्हणते. बरी झाली." मग तोंड फिरवून तिनं पदरानं नाक पुसलं. खात्री झाल्याशिवाय धीर न देणारी बाई मी त्यानंतर पाहिली नाही, आणि तिच्या त्या दोन शब्दांइतका धीर मला कुणाच्या शब्दांनी दिलाही नाही.

त्याच आजारपणात तिनं मला सुद्याबद्दल सांगितलं.

सुद्या म्हणजे सुधाकर, तिचा एकुलता एक मुलगा. तिच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो होता. टोपी तिरकी, दात सगळे दिसताहेत. तो मी येण्याच्या काही वर्षं आधी वारला हे मला समोरच्या दुकानदाराकडून कळलं होतं. किराणा तोलताना तो म्हणाला होता, "लय फेकू पोट्टा होता जी. पण तो गेला अन् चौकातली मजा गेली."

फेकू होता हे मावशीही मान्य करायची. सांगायची तेव्हा तिच्या आवाजात कौतुक मुळीच नसायचं. "लहानपणापासून फेके. दिघोरीच्या रस्त्यावर पुलाच्या कठड्यावर वाघ बसला होता म्हणे, अन् यानं त्याले 'सरक' म्हणलं. बोडीच्या पाण्यात हात घातला तं मासा आपल्याआपण हातात आला म्हणे. मी ऐकून घेतच नव्हती. बापाविना पोरगं, खोटं बोलाले लागलं तं हातचं जाईल, असं वाटे. तोंडावर म्हणत जाऊ, फेकू नोको."

हा सुद्या पुढे ड्रायव्हर झाला आणि पार वर, लडाखकडे, डोंगरात रस्ते बांधणाऱ्या खात्यात ट्रकवर लागला. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा ओट्यावर सगळा चौक जमला. त्यानं सांगितलं की तिथं झाड म्हणून नाही, नुसते दगड आणि रेती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. थंडी अशी की उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सकाळी फोडावं लागतं. आणि अशा त्या उजाड थंडीत एक खोरं आहे, पुगा नावाचं, तिथं जमिनीतून आपोआप उकळतं पाणी येतं. खाली जाळ नाही, काही नाही. "मी फडक्यात तांदूळ बांधतो, त्या पाण्यात सोडतो, भात शिजते. मऊसूत! माय, तुह्या हातच्यासारखा."

चौक हसून हसून लोळला. पुगा! दुकानदारानं तिथल्या तिथं त्याचा 'फुगा' केला. सुद्यानं फुगा आणला, सुद्याचा फुगा फुटला. पोरं त्याच्यामागे तोंडानं फुगा फुटल्याचा आवाज काढत फिरली.

"अन् सगळ्यात जास्ती मी हासली," मावशी म्हणाली. तिच्या हातात माझ्या पेजेची वाटी होती, ती तिनं नुसतीच फिरवली. "त्यानं मले म्हणलं, 'माय, तू तरी मान.' मी म्हणलं, 'जाय रे फेकू, बरफात कुठं भात शिजते?' तो म्हणला, 'एक डाव तुले घेऊनच जातो.' अन् गेला. मंग त्याची पेटीच आली."

पेटी घेऊन जो आला तो सुद्याचा जोडीदार, हिमाचलकडचा एक ड्रायव्हर. त्याला सगळे ठाकूर म्हणत. डोंगराचा कडा सुटला आणि ट्रक खाली गेला, अग्नी तिकडंच दिला, हे त्यानं सांगितलं. ते सगळं ऐकून झाल्यावर मावशीनं त्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तिथं उन्न पानी हाये का?" ठाकूर म्हणाला, "है माँजी. कभी आना, हम दिखाएँगे."

"मंग झालं की मावशी," मी म्हटलं. "त्यानं तर पाहिलेलंच होतं."

"तो दोस्त व्हय," मावशी म्हणाली. "मेलेल्या दोस्ताच्या मायले कोणी 'नाही' म्हणीन का?"

त्यानंतर किती दिवस गेले कुणास ठाऊक, पण एका दुपारी मी वह्या तपासत होते आणि ती येऊन समोर बसली. "तुह्या शाळेले सुट्टी कधी लागते?" मी सांगितलं. "तुले हिंदी येते?" येते म्हटलं. "मंग मले फुग्याले जायचं हाये. तू चाल."

मी तिला नकाशा दाखवला. लाखांदूरवर एक बोट ठेवलं आणि दुसरं तिकडे वर, तर पंजा पुरेना. तिनं नकाशाकडे फारसं लक्ष दिलं नाही. ठाकूरला कळवलं, त्यानं त्याच्या साहेबाकडून तिकडं जायचा परवाना मिळवला. सरकारी मोकळी जमीन होती, कुणाच्या मालकीची नव्हती, पण सरहद्द जवळ, म्हणून परवाना. गावाला कळलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशे, पेऱ्याची वेळ होऊन राह्यली अन् तू फुगा पाहाले चालली?"  तिनं पायलीभर लुचईचा तांदूळ निवडून पिशवीत भरला, वाळवलेले झिंगे कुटून चटणी केली, आणि आम्ही निघालो.

त्या प्रवासाबद्दल सांगायचं तर सगळं मावशीबद्दलच सांगावं लागेल. भंडारा रोडहून आगगाडी, मग गाड्या बदलत जम्मू, मग बस. गाडीत बायका विचारायच्या, "माताजी, तीरथ को जा रही हो?" ती म्हणायची, "नाही बाप्पा. पोराचं एक बोलणं पाहाले जाऊन राह्यली." बायकांना ते समजायचं नाही. मी हिंदीत सांगायला गेले तर मलाही ते नीट सांगता यायचं नाही.

श्रीनगरच्या पुढे घाट चढला आणि बस बर्फाच्या दोन भिंतींमधून चालू लागली. मावशीनं खिडकीतून हात बाहेर काढून भिंत खरवडली, मूठभर बर्फ तोंडात टाकला.

"हे खरं निघालं," ती म्हणाली.

मला वाटलं ती खूश होईल. तिनं ओला हात पदराला पुसला आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर कारगिलपलीकडे झाडं संपली, डोंगर नुसते मातीचे आणि दगडाचे, लाल, करडे, जांभळट, जणू भाजून ठेवलेले. "हेबी खरं." रात्री मुक्कामाला बादलीतल्या पाण्यावर पातळ साय धरावी तसा बर्फ धरला. "हेबी." प्रत्येक खरी निघालेली गोष्ट तिला जड होत होती. लेहला पोचेपर्यंत ती इतकी वाकली होती की उतरताना मी तिला धरलं. मी म्हटलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" तर म्हणाली, "यवढं सारं पोरगं खरं बोललं होतं वं. अन् मी हासली."

बसथांब्यावर ठाकूर उभा होता. मोठ्या हाडाचा, मिशा पिकायला लागलेला माणूस. त्यानं वाकून मावशीच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ उठलाच नाही. तिनंही त्याला उठवलं नाही. त्याच्या टोपीवर हात ठेवून उभी राहिली.

उंचीवरची हवा विरळ म्हणून आम्हाला काही दिवस लेहमध्ये पडून राहावं लागलं. मावशीचं डोकं ठणकायचं, तिनं ते फडक्यानं आवळून बांधलं. ठाकूर कढत चहा घेऊन यायचा आणि सुद्याच्या गोष्टी सांगायचा. त्या ऐकताना ती त्याला मधेच अडवायची, "थांब. हे तू पाह्यलं, का त्यानं सांगितलं?" ठाकूर डोकं खाजवायचा. "ये तो उसी ने बताया था, माँजी." "मंग रायू दे."

मग एका सकाळी त्याच्या ट्रकमधून निघालो. सिंधू नदीच्या काठाकाठानं रस्ता. एके ठिकाणी, डोंगर रस्त्यावर ओणवा झाला होता तिथं, ठाकूरनं वेग कमी केला.  त्याच्या हातांवरून मला कळलं, आणि मावशीला माझ्याआधी कळलं होतं.

"थांबू नोको," ती म्हणाली. "मी या जागेसाठी नाही आली. पाण्यापाशी ने."

ठाकूरला मराठी येत नव्हती. पण त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय परत दाबला.

पुगाचं खोरं मी आयुष्यात विसरणार नाही. दोन्हीकडे बोडके डोंगर, मधे सपाट जमीन, त्यावर मिठासारखा पांढरा थर. पायाखाली पापड मोडावेत तसा तो मोडत होता. कुठे पिवळे डाग, गंधकाचा वास. दूरवर फिरत्या धनगरांचा एक काळा तंबू आणि लांब केसांची काळी जनावरं. वारा इतका की बोललेलं तोंडाजवळून उडून जाई. आणि त्या सगळ्यात, जमिनीखाली कुणीतरी चूल पेटवून दिल्यासारख्या, जागोजाग वाफा.

मावशी ट्रकमधून उतरली आणि आधी तिनं चारी बाजूंना पाहिलं. लाखांदूरची माणसं झाडीपट्टीतली, रानाच्या मुलखातली. घराबाहेर पाऊल टाकलं की सावलीत पडणारी. ती स्वतःभोवती पूर्ण फिरली. "एक बी झाड नाही वं बाई," ती म्हणाली. "पोरगं सावलीबिगर राह्यलं."

मग हात पाठीमागे बांधून ती पाण्याकडे चालत गेली. दगडांच्या बेचक्यात पाणी खदखदत होतं, आमच्या घरी आधणाला यावं तसं. ठाकूर ओरडला, "माँजी, हाथ मत लगाना!" तोवर तिनं बोट घातलं होतं.

"जळलं!" ती ओरडली.

बोट तोंडात घालून ती माझ्याकडे वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "जळलं वं बाई! खरंच उन्न हाये! पाह्य, पाह्य, जाळ नाही, काही नाही!" ती दगडाभोवती फिरून बघू लागली, खाली वाकून, बाजूनं, कुणी लपून लाकडं सारतंय का ते पाहावं तशी. मग एकदम खाली बसली आणि त्या वाफेकडे तोंड करून म्हणाली, "सुद्या, मानलं रे."

मी आणि ठाकूर लांब जाऊन उभे राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. पिशवीतून लुचईचे तांदूळ काढले, बाटलीतल्या पाण्यानं धुतले, स्वच्छ फडक्यात सैल बांधले. ठाकूरनं एक सळई आडवी टाकली आणि पुरचुंडी त्या खदखदत्या पाण्यात सोडली. आम्ही ट्रकच्या आडोशाला बसलो. भात शिजायला लागतो तेवढा वेळ गेला. मावशीनं पुरचुंडी काढली, फडकं सोडलं, एक शीत उचललं आणि चेपलं.

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"कणी हाये," ती म्हणाली. "राह्यते कधी कधी. पाण्यावर राह्यते." तिनं परत बांधलं, परत सोडलं.

पुन्हा तेवढाच वेळ. पुन्हा एक शीत. बाहेरून फुललेलं, आतून कच्चं. तिसऱ्यांदा सोडलं. ऊन डोंगराकडे सरकायला लागलं. ठाकूर दगडावर दगड ठेवत बसला होता, तो माझ्याकडे बघेना. तिनं पुरचुंडी काढली. शीत चेपलं. तोंडात टाकलं, चावलं. मग ती नुसती त्या भाताकडे बघत राहिली. एवढ्या लांब आलो, सगळं खरं निघालं, आणि जे वाक्य त्यानं तिच्यासाठी म्हणून सांगितलं होतं तेच कच्चं.

"ठाकूर," ती म्हणाली. "सच बोल. मले खराब नाही वाटणार. भात शिजत जाय का?"

ठाकूरनं हातातला दगड टाकला. उठून तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"नहीं पकता, माँजी," तो म्हणाला. "कभी नहीं पका. इतनी ऊँचाई पर पानी जल्दी उबल जाता है, पर चावल नहीं गलता. हम लोग कुकर में बनाते थे. हम उसको बोलते थे, सुधाकर, मत कर, पेट दुखेगा. वो मानता नहीं था. पोटली बाँधता, निकालता, कच्चा ही खाता था. और बोलता था, पक गया, पक गया, बिलकुल मेरी माँ के हाथ का."

वारा मधेच पडल्यासारखा झाला. मी मावशीकडे पाहण्याचं धाडस केलं नाही.

मग ती हसली. आधी घशात, मग खांदे हलले, मग ती दोन्ही हात जमिनीवर टेकून हसू लागली, डोक्याचं फडकं सुटून वाऱ्यावर गेलं. "फेकूच होता!" ती म्हणाली. "फेकूच होता वं बाई! माहाच पोरगा होता! मी समजली होती, सारंच खरं निघालं, आता हा कोणाचा पोरगा? मी वळखलंच नव्हतं त्याले!" तिनं ठाकूरच्या गुडघ्यावर थाप मारली. "कणीचा भात खाये अन् मायच्या हातचा म्हणे, लुच्चा!"

ठाकूरही हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. मावशीनं फडकं जमिनीवर पसरलं, झिंग्याची चटणी काढली आणि आम्हा दोघांना वाढलं. भात खारट होता, गंधकाचा वास मारत होता, दातांखाली करकरत होता. भातातल्या कणीवर माझी सबंध आठवडा हजेरी घेणाऱ्या त्या बाईनं तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. फडकं झटकलंसुद्धा नाही. शितांसकट घडी करून पिशवीत ठेवलं.

परतीच्या सगळ्या वाटेवर ती झोपली. एवढी शांत झोपलेली मी तिला घरीही पाहिली नव्हती.

लाखांदूरला एसटीतून उतरलो तेव्हा दुकानासमोर माणसं जमलीच. दुकानदार काउंटरवरून उठून पुढं आला. त्याला चेष्टा करायची नव्हती, एवढं मला दिसलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मावशे," त्यानं विचारलं, "भात शिजते का व तिथं?"

 पुलाची बातमी, पावसाची बातमी, सगळ्या बातम्या जिच्यापुढे तपासल्या जात ती बाई पिशवी खाली ठेवून उभी राहिली.

"शिजते," ती म्हणाली. "मऊसूत. शीत चेपलं तं लोणी. म्या अन् बाईनं दोघीनं खाल्ला."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि दुकानात परत जाऊन बसला. थोड्या वेळानं त्याचा पोरगा आमच्या दारात गूळ-खोबऱ्याची पुडी ठेवून गेला. "बाबानं देला," म्हणाला, "सुद्याभाऊच्या नावानं."

पुढल्या वर्षी माझी बदली झाली. मग लग्न, मुलं, दुसरं गाव, दुसऱ्या शाळा. बऱ्याच वर्षांनी नागपूरला एका कामासाठी नवऱ्याबरोबर गेले तेव्हा त्याला म्हटलं, चल, तुला एक माणूस दाखवते.

मावशी ओट्यावरच होती. खूप वाकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू पडला होता. माझा चेहरा हातानं चाचपला आणि म्हणाली, "बाईच हाये." नवऱ्याला समोर बसवलं. शेजारची चार माणसं आली, दुकानदार आला. तोही आता म्हातारा. आणि मावशीनं माझ्या नवऱ्याला पुगाची गोष्ट सांगायला घेतली.

मी ऐकत राहिले. पाणी आता पुरुषभर उंच उडत होतं. भात शिजल्याचा वास नदीपर्यंत गेला होता, आणि त्या वासानं लांब केसांच्या सात म्हशी डोंगर उतरून आल्या होत्या, रांगेनं.

"मागच्या खेपेले तीन सांगितल्या होत्या," दुकानदार म्हणाला.

"तीन आधी आल्या. बाकीच्या मंग," मावशी म्हणाली. "तू नोको शिकवू." लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं. पुढचं ऐकायला सरसावून बसलेलं. माझा नवरा तोंड उघडं टाकून ऐकत होता. ती हातवारे करत होती, मधेच थांबून माणसांना ताटकळत ठेवत होती, आणि भिंतीवरच्या फोटोतला तो सगळे दात दाखवणारा मुलगा मला पहिल्यांदाच तिच्यासारखा दिसला.

"अन् पाण्याच्या बाजूले," ती म्हणाली, "एक झाड होतं. यवढं मोठं. सारा दिवस त्याची सावली. सुद्या जेवून त्याच्याखाली निजत जाय. गाडीबी सावलीतच लावे."

ती थांबली. तिचा चांगला डोळा माझ्याकडे नव्हता. रस्त्याकडे कुठेतरी होता. मांडीवरचा हात मात्र माझ्या हाताकडे सरकला.

"कायचं झाड होतं वं बाई ते? मले आता आठवत नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या खोऱ्यात मी उभी राहिले होते. नजर पोचेल तिथवर पांढरं मीठ, दगड आणि आभाळ.

"मोहाचं," मी म्हटलं.

"हव," मावशी म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला. "मोहाचंच. अन् फुलावर होतं."